ज्वारी जड, साखर हलकी? पाऊलखुणेचा आकडा सोलापुरात कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही जुळे सोलापुरात राहतो, घरात चौघं. पर्यावरणीय पाऊलखूण मोजणाऱ्या एका चाचणीत माझ्या उत्तरांवरून 'सगळं जग तुमच्यासारखं जगलं तर दीड पृथ्वी लागेल' असं आलं. बायकोनं त्याच घरासाठी दुसरी चाचणी केली तर 0.8 पृथ्वी. खरा आकडा कोणता? सोसायटीच्या 24 घरांचा मिळून असा आकडा काढून फलकावर लावायचं चाललंय, तो काढायचा कसा?"

तुमचा प्रश्न खरं म्हणजे दोन आकड्यांतल्या फरकाचा नाही. तो फरक चाचण्यांच्या आतल्या गृहीतकांचा आहे आणि त्याचं स्पष्टीकरण सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे. 'पृथ्व्या' मोजणारी पद्धत मुळात जमीन मोजते, आणि सोलापूरची अडचण पाण्याची आहे. ही गाठ आधी सोडवली नाही तर तुमच्या फलकावर असं काही लागेल, की जे वाचून लोकांनी ज्वारी सोडावी आणि साखर वाढवावी. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही, खाली आकडे मांडून दाखवतो.

आधी पद्धत समजून घेऊ. एकॉलॉजिकल फूटप्रिंट, आपण पर्यावरणीय पाऊलखूण म्हणू, ही कल्पना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडली. 2003 पासून ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क ही संस्था देशांचे हिशेब मांडू लागली. विचार साधा आहे. तुम्ही वर्षभरात जे खाता, जाळता, नेसता, बांधता, ते पिकवायला आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शोषायला किती जमीन आणि समुद्र लागेल? त्यासाठी सहा खाती असतात: पिकाची जमीन, कुरण, लाकडासाठी जंगल, मासेमारीचं क्षेत्र, बांधकामाखालची जमीन आणि कार्बन शोषण्यासाठी लागणारं जंगल. शेवटचं जंगल प्रत्यक्ष कुठे राखलेलं नसतं, ते हिशेबापुरतं असतं. तरी जगाच्या एकूण पाऊलखुणेत सर्वांत मोठा वाटा त्याचाच, साधारण साठ टक्के.

सगळी जमीन सारखी नसते, म्हणून मापाचं एकक 'जागतिक हेक्टर' असं ठेवलेलं आहे. जगाच्या सरासरी उत्पादकतेचा एक हेक्टर म्हणजे एक जागतिक हेक्टर. पिकाची जमीन सरासरीपेक्षा कसदार, म्हणून तिचा एक हेक्टर सुमारे अडीच जागतिक हेक्टर धरतात. जंगलाचा सव्वाच्या जरा वर, कुरणाचा अर्ध्याच्या आसपास. पृथ्वीकडे दरवर्षी नव्यानं तयार होणारी क्षमता माणशी वाटली तर सुमारे दीड जागतिक हेक्टर येते. तुमची पाऊलखूण भागिले दीड, म्हणजे 'किती पृथ्व्या'. भारताची सरासरी माणशी एक ते सव्वा जागतिक हेक्टर आहे, म्हणजे पाऊण पृथ्वीच्या आसपास.

आता 'ओव्हरशूट' हा शब्द. 2025 साली 24 जुलैला अर्थ ओव्हरशूट डे आला, म्हणजे वर्षभराची कमाई त्या तारखेपर्यंत संपली. सोलापूरकराला हे उजनी धरणावरून लगेच कळतं. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. धरण '100 टक्के भरलं' असं आपण म्हणतो ते उरलेल्या साधारण 54 टीएमसीच्या हिशेबानं. ते संपलं तरी पाणी दिसतं, उपसताही येतं, फक्त आकडा 'उणे' होतो. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. जग वर्षाच्या उत्तरार्धात असंच मृतसाठ्यातून उपसतं: जंगल वाढीपेक्षा जास्त तुटतं, मासे पैदाशीपेक्षा जास्त पकडले जातात, कार्बन हवेत साठत जातो.

तुमच्या दोन चाचण्या का जुळल्या नाहीत? चार कारणं नेहमी सापडतात. एक, काही चाचण्या रस्ते, दवाखाने, सरकारी कार्यालयं यांचा देशाच्या सरासरीतला वाटा प्रत्येकाच्या डोक्यावर टाकतात, काही टाकत नाहीत. दोन, 'देश' या रकान्यात भारत निवडायचा राहिला तर दुसऱ्याच देशाची वीज आणि आहार धरला जातो. तीन, विजेचं बिल घराचं विचारलंय की माणशी, हे पाहून भरलं नाही तर आकडा चौपट होतो. चार, 'किती वेळा मांसाहार' किंवा 'घर किती मोठं' अशा प्रश्नांना तीन-चारच पर्याय असतात आणि त्यांतली एक पायरी बदलली की उत्तर वीस-तीस टक्क्यांनी हलतं. म्हणून त्यातला कोणता खरा, हे मला सांगता येणार नाही. 0.8 हा भारतीय सरासरीला चिकटून आहे, त्यामुळे त्या चाचणीनं बहुतेक सरासरीच परत दिली आहे. गाडी, एसी आणि विमानप्रवास असलेल्या घराला दीड येऊ शकतं. दोन्ही बाजूला ठेवा आणि स्वतःचा हिशेब स्वतः मांडा. एका वहीत होतो.

वर्ष 1 जून ते 31 मे असं धरा. पावसाळ्यापासून सुरू केलं की पाण्याचा हिशेब त्याच चौकटीत बसतो आणि कूलर-पंख्याचा पूर्ण उन्हाळा एकाच वर्षात येतो. रुपये लिहू नका. युनिट, किलो, लिटर लिहा. दर बदलतात, मग वापर वाढला की भाव वाढला हे कळत नाही.

कार्बनचं खातं सर्वांत सोपं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. महिन्याला 150 युनिट धरले तर वर्षाला 1,800. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे 1,296 किलो. वहनातली गळती धरायची असेल तर 15 टक्के वाढवा, पण मग दरवर्षी तशीच वाढवा. मी इथे धरलेली नाही. गॅसच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि किलोमागे 3 किलो धरायचे. वर्षाला 8 टाक्या म्हणजे 341 किलो. पेट्रोल लिटरमागे 2.3 किलो, डिझेल 2.7. महिन्याला 20 लिटर पेट्रोल म्हणजे वर्षाला 552 किलो. बेरीज 2,189 किलो, म्हणजे 2.2 टन.

आता टनांवरून जमीन. समुद्र साधारण तीस टक्के शोषतो, ते वजा करा. उरलेल्यासाठी जंगल लागतं. जगाच्या सरासरी जंगलाचा एक हेक्टर वर्षाला 0.73 टन कार्बन शोषतो. इथे एक चूक अनेक हिशेबांत दिसते: कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड एक समजले जातात. 0.73 टन कार्बन म्हणजे 0.73 गुणिले 3.67, सुमारे 2.7 टन कार्बन डायऑक्साइड. हा गुणाकार विसरला की पाऊलखूण पावणेचार पट फुगते. सगळं धरून एका टनाला 0.33 जागतिक हेक्टर पडतं. तुमच्या 2.2 टनांना 0.73 जागतिक हेक्टर. हे चौघांचं आहे, माणशी 0.18.

सौर पॅनेल असेल तर बिलावरचं निव्वळ युनिट घेऊ नका. दिवसा ग्रिडला दिलेली आणि रात्री ग्रिडकडून घेतलेली वीज वेगळी छापलेली असते. दोन्ही नोंदवा, पॅनेलनं तयार केलेले युनिटही लिहा आणि बेरीज-वजाबाकी शेवटी करा, नाहीतर घराचा खरा वापर कधीच दिसत नाही. सोसायटीच्या लिफ्टचं आणि मोटारीचं बिल सामायिक मीटरवर असतं, त्याचा चोविसावा भाग प्रत्येक घरात धरायला विसरू नका.

आता जेवण, आणि खरी गंमत इथे आहे. घरात रोज भाकरी असेल तर महिन्याला 15 किलो ज्वारी, वर्षाला 180 किलो धरू. पाऊलखूण दोन वाटांनी काढता येते. पहिली वाट: जगात ज्वारीचा सरासरी उतारा हेक्टरी दीड टनाच्या आसपास. 180 किलोला 0.12 हेक्टर, गुणिले 2.5, म्हणजे 0.30 जागतिक हेक्टर. दुसरी वाट आपल्या रानातून जाते. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी साडेसात क्विंटल आली असं धरा, म्हणजे एकरी तीन क्विंटल. 180 किलोला 0.24 हेक्टर लागलं, सातबाऱ्याच्या भाषेत 24 आर, जवळजवळ 24 गुंठे. आपला उतारा जगाच्या निम्मा, म्हणून उतारा-गुणक 0.5. मग 0.24 गुणिले 0.5 गुणिले 2.5, पुन्हा 0.30. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, आणि आल्याच पाहिजेत. तुमच्या वहीत त्या वेगळ्या आल्या तर कुठेतरी क्विंटल आणि किलोचा घोळ झालाय असं समजा.

साखर पाहा. महिन्याला 4 किलो, वर्षाला 48. साखर-उतारा दहा टक्के धरला तर 480 किलो ऊस. जगाचा सरासरी उतारा हेक्टरी 70 टन. उत्तर 0.017 जागतिक हेक्टर. आपल्याकडच्या 90 टनी उसाच्या रानात मोजलं तर 53 चौरस मीटर, अर्धा गुंठा. म्हणजे जमिनीच्या मापात तुमची वर्षाची साखर अर्ध्या गुंठ्याची आणि भाकरी 24 गुंठ्यांची. तूरडाळही अशीच जड दिसते. 48 किलो डाळीला 64 किलो तूर लागते, जगाचा उतारा हेक्टरी 8 क्विंटलांच्या आसपास, म्हणून 0.20 जागतिक हेक्टर. जी तूर हवेतला नत्र जमिनीत धरते आणि पुढच्या पिकाचं खत वाचवते, तिला या मापात कुठेच श्रेय मिळत नाही.

सूर्यफुलाच्या 60 किलो तेलालाही जवळजवळ 0.20 पडतं. पाम तेल घेतलं तर ते चौथ्या हिश्शावर येतं, कारण पामचा हेक्टरी उतारा फार मोठा. त्या पामसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगल तुटलं का, हा प्रश्न या गुणाकारात उमटतच नाही.

म्हणून पाण्याचं खातं वेगळं लागतं. 2002 साली नेदरलँड्सच्या आर्यन होक्स्ट्रा यांनी जल-पाऊलखूण मांडली. तिच्या मागे लंडनचे टोनी ॲलन यांची 'आभासी पाणी' ही कल्पना आहे: धान्याबरोबर ते पिकवायला लागलेलं पाणीही एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातं. ॲलन यांना त्यासाठी 2008 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. होक्स्ट्रांनी पाण्याचे तीन रंग केले. हिरवं म्हणजे रानात पडून मुरलेलं आणि पिकानं मुळांवाटे घेतलेलं पावसाचं पाणी. निळं म्हणजे नदी, धरण, विहीर, बोअर यांतून उचललेलं. करडं म्हणजे आपण घाण केलेलं सांडपाणी पुन्हा सुसह्य करायला जितकं स्वच्छ पाणी लागेल तितकं.

हे रंग बेरजेत एकत्र करायचे नाहीत. का ते बघा. हस्ताच्या पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर उभी राहते. तिनं 300 मिलिमीटर ओल घेतली असं धरलं तर हेक्टरी 3,000 घनमीटर, भागिले 750 किलो, म्हणजे किलोला 4,000 लिटर. तुमच्या 180 किलोला 7 लाख 20 हजार लिटर. केवढा मोठा आकडा, आणि सगळा हिरवा! उसाचं असं: वर्षाला 2,200 मिलिमीटर पाणी, त्यात पावसाचं उपयोगी 400, उरलेलं 1,800 कालव्याचं नाहीतर विहिरीचं. 90 टन उतारा धरला तर किलोभर साखरेमागे 2,000 लिटर निळं आणि साधारण 450 लिटर हिरवं. 48 किलोला निळं 96 हजार लिटर, हिरवं 21 हजार. बगॅस (उसाचं चिपाड) आणि मळीच्या वाट्याचं वेगळं काढलं तर साखरेचं दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होईल, चित्र बदलत नाही.

रंग न पाहता बेरीज केली की ज्वारी 7 लाख 20 हजार, साखर 1 लाख 17 हजार. जमिनीतही ज्वारी दोषी, पाण्यातही ज्वारी दोषी! पण मंगळवेढ्याकडच्या तशा काळ्या रानातली ओल ज्वारीनं घेतली नसती तर ती गवतानं घेतली असती किंवा भेगांतून उडून गेली असती. ती तुमच्या नळाला कधीच आली नसती. उसाचे 96 हजार लिटर मात्र ज्या उजनीतून शहराला पाणी येतं तिथूनच, नाहीतर तिच्याच खोऱ्यातल्या विहिरींतून आले. सोलापुरात ज्या मापानं निर्णय घ्यायचे ते निळं माप. त्या मापावर ज्वारी शून्याजवळ आणि साखर सर्वांत वर.

हे आकडे परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. आडसाली उसाला वर्षाहून कितीतरी जास्त दिवस पाणी लागतं. ठिबकवर पाणी तीस-चाळीस टक्क्यांनी वाचतं. रब्बीला दोन पाणी दिलेली ज्वारी असेल तर तिचंही थोडं निळं धरावं लागेल, पण मग तिचा उताराही दुप्पट होतो. तुमची ज्वारी कुठून येते हे दुकानदाराला विचारा, ते बहुतेक वेळा सांगता येतं. एक अंदाज मात्र पक्का लक्षात ठेवण्यासारखा: 1,800 मिलिमीटर म्हणजे हेक्टरी 1 कोटी 80 लाख लिटर. शहरात माणशी रोजचे 135 लिटर हे प्रमाण धरलं तर एका हेक्टर उसाचं निळं पाणी 365 माणसांना वर्षभर पुरतं. कालव्यातली गळती यात धरलेलीच नाही.

आणखी एक मर्यादा, जी मला सर्वांत जास्त खटकते. पिकाच्या जमिनीची जैवक्षमता, म्हणजे दरवर्षी नव्यानं तयार होणारी क्षमता, प्रत्यक्ष उत्पादनावरूनच काढतात. म्हणजे बोअर आणखी खोल नेऊन, खतं ओतून उतारा वाढवला की त्या रानाची क्षमता वाढली असं कागदावर येतं. भूजल आटलं, रान क्षारपड झालं, तर ते उतारा घसरेपर्यंत दिसत नाही. जगाच्या पातळीवरही पीकजमिनीच्या खात्यात तूट कधी निघतच नाही, रचनाच तशी आहे. जवळजवळ सगळी तूट कार्बनच्या खात्यातून येते. म्हणून पाऊलखूण हा कमीत कमी भाराचा अंदाज समजा. मातीची धूप, नद्यांचं प्रदूषण, माळढोक पक्षी नान्नजच्या माळावरून दिसेनासा होणं, यातलं काहीच त्यात नाही.

दुहेरी मोजणीबद्दल थोडं. दूध हिशेबात घेताना म्हशीनं खाल्लेल्या कडब्याची जमीन धरली आणि ज्वारीच्या नावावरही पूर्ण 0.30 ठेवलं, तर तेच रान दोनदा मोजलं गेलं. माझी पद्धत किमतीनुसार वाटणीची. धान्याचे दोन वाटे आणि कडब्याचा एक असं धरलं तर ज्वारीवर 0.20 राहतं, 0.10 दुधाकडे जातं. मालदांडी ज्वारीचा कडबा चांगला भाव खातो, दुष्काळी वर्षात ही वाटणी अर्धी-अर्धी सुद्धा होते. वाटणी कोणती घेतली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नका.

कुणाचा भार कुणाच्या नावावर, हेही आधी ठरवा. पाऊलखूण वापरणाऱ्याच्या नावावर पडते: इथलं उत्पादन, अधिक बाहेरून आलेलं, वजा बाहेर गेलेलं. सोलापुरी चादर दिल्लीत विकली गेली तर तिचा कापूस आणि वीज दिल्लीकराच्या खात्यात जाते, रंगाचं सांडपाणी मात्र इथेच उरतं. फताटेवाडीच्या 1,320 मेगावॉटच्या वीजकेंद्राचा धूर सोलापूरकरांच्या नावावर टाकायचा नाही, वीज जिथे जाते तिथल्या नावावर टाकायचा, पण ते पाणी उजनीचंच घेतं. कोळशाच्या विजेला युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणी जातं. तुमच्या 150 युनिटांमागे महिन्याला साडेचारशे लिटर. फार नाही, पण निळ्या खात्यात लिहा.

इथवरचं गोळा करतो: तीन वेगळी खाती ठेवायची, कार्बन टनांत, जमीन जागतिक हेक्टरांत, निळं पाणी लिटरांत, आणि त्यांची एकमेकांत बेरीज करायची नाही. फक्त चाचणीच्या आकड्याशी ताडून पाहायला वरचा कार्बन जागतिक हेक्टरांत आणून जमिनीत मिळवला, तर बेरीज चौघांना 1.45 येते, माणशी 0.36. दूध, गहू-तांदूळ, कपडे, फोन-फ्रिज, रस्ते-दवाखान्यांचा वाटा घातला की बहुतेक मध्यमवर्गीय घरं भारतीय सरासरीच्या आसपास किंवा थोडी वर येतात. दशांशानंतर एकच अंक लिहा. त्यापुढचे अंक ही माहिती नसते, गणकयंत्राची देणगी असते.

फलकावर 'पृथ्व्या' लावण्यापेक्षा सोसायटीच्या बोअरचा हिशेब लावा असं मी सुचवेन. तो तुमच्या हातात आहे आणि त्याला कुठलीही परदेशी सरासरी लागत नाही. आधी मोटारीचा प्रवाह मोजा. 200 लिटरचं पिंप भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी घ्या. 80 सेकंद आले तर सेकंदाला अडीच लिटर, तासाला 9,000. मोटार रोज 40 मिनिटं चालत असेल तर 6,000 लिटर, वर्षाला जवळजवळ 22 लाख. मे महिन्यात प्रवाह मोजून तोच वर्षभर धरू नका, पातळी खाली गेली की मोटार कमी फेकते. जून, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल असं चार वेळा मोजा. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, त्याच्या टाक्या किती भरल्या तेवढं लिहिलं तरी पुरे. टँकर आला तर त्याची क्षमता आणि तारीख.

मग भरपाई मोजा. गच्ची 400 चौरस मीटर, पाऊस सरासरी 600 मिलिमीटर, वाया जाणारं वीस टक्के सोडलं तर 192 घनमीटर, म्हणजे 1 लाख 92 हजार लिटर. हे फक्त गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडलेलं असेल तरच धरायचं. पाइप गटाराला जोडलेला असेल तर शून्य. भोवतालची मोकळी जागा 1,600 चौरस मीटर असेल, तर आपल्या बेसॉल्ट खडकात पावसाचे दहा टक्के मुरतात असं धरून 96 घनमीटर. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट टाकलं असेल तर तेवढी जागा वजा करा. बहुतेक ठिकाणी इथेच बरीच भरपाई जाते. दोन्ही मिळून 2 लाख 88 हजार लिटर. उपसा 22 लाख. म्हणजे या बोअरला पुरवायला तुमच्यासारख्या साडेसात सोसायट्यांची जमीन लागते, आणि ते जास्तीचं पाणी सध्या शेजाऱ्यांच्या जमिनीखालून घेतलं जातंय. तुमच्या जागेची मापं वेगळी असतील, गुणाकार हाच.

पातळीही नोंदवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षात चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. त्याच महिन्यांत तुमची घेतली तर तुलना करता येते. मोटार बंद करून किमान आठ तास थांबा, सकाळी मोजा. बोअरमध्ये दोरी-वजन सोडू नका, केबलला अडकलं की मोटार बाहेर काढावी लागते. पुढच्या वेळी मोटार दुरुस्तीला वर येईल तेव्हा तिच्याबरोबर अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी खालपर्यंत सोडून ठेवा आणि मोजमाप त्या नळीतून घ्या. ऑक्टोबरची पातळी दरवर्षी गेल्या ऑक्टोबरपेक्षा खाली जात असेल आणि पाऊस सारखाच पडला असेल, तर फलकावर लावायचा आकडा तोच, फुटांत.